विहिरीवर पाणी सोडलं

नवऱ्यानं मला काकांना बोलावून आणायला पाठवलं, कारण काका त्याच्याच बाजूनं बोलतील अशी त्याची खात्री होती. आमच्या गल्लीत शहराची पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन आली आहे. जोडणी घ्यायची, की परसातली विहीर आणि सेप्टिक टाकीच चालू ठेवायची, यावरून घरात बरेच दिवस जुंपली होती. नवरा विहिरीच्या बाजूनं. मी कुठल्या बाजूनं, हे मलाच धड सांगता येत नव्हतं. बाळाचं पाणी मी उकळते, गाळते, पुन्हा उकळते, आणि पातेलं नीट घासलं होतं ना, या शंकेनं शेवटी ओतून देते. अशा बाईच्या मताला घरात वजन ते किती असणार!

काका म्हणजे नवऱ्याचे सख्खे चुलते. जन्मभर पाणीखात्यात मीटर वाचत हिंडले. "न बोलावता लोकांच्या परसात शिरायचा परवाना होता मला," असं अभिमानानं सांगतात. जेवणं झाल्यावर ते मागच्या पायरीवर टेकले. खाली मी, नवरा आणि धाकटे भावजी. अंधार चांगलाच पडला होता. बाळ माझ्या मांडीवर पेंगत होतं.

"काका, तुम्हीच सांगा हिला," नवऱ्यानं सुरुवात केली. "घरची विहीर ती घरची विहीर. आपलं पाणी, आपली मर्जी."

"तुझी टाकी विहिरीपासून किती लांब आहे रे?"

"असेल... बरीच."

काकांनी त्याच्याकडे बंद पडलेल्या मीटरकडे बघावं तसं पाहिलं. "आपलं पाणी, आपली मर्जी. हे वाक्य मी आधी ऐकलंय, शब्द न् शब्द. ज्याच्या तोंडून ऐकलं त्याची गोष्ट सांगतो. नाव घेणार नाही, घेतलं तर मान दिल्यासारखं होईल. आम्ही त्याला स्वयंभू म्हणायचो."

"देव होता की काय?" भावजी हसले.

"त्याच्या मते देव. बाकीच्यांच्या मते नुसताच दगड. दोघे भाऊ. पुढचं घर याचं, मागचं धाकट्याचं, मध्ये सामाईक विहीर. ती धाकट्यानं स्वतः खोदली, स्वतः बांधून काढली. हा काठावर खुर्ची टाकून सूचना करायचा आणि लोकांना सांगायचा, 'आम्ही खोदली.' पुढे धाकटा तापानं गेला. मागे बायको आणि एवढीशी पोरगी.

"मग शहराची लाइन आली. आपली मर्जी, आपली मर्जी म्हणत गल्लीभर मिरवणारा हा, नळ घ्यायला सगळ्यांत पुढे! वर म्हणतो कसा, 'मला गरज नाही हो, लोकांना उदाहरण म्हणून घेतला.'"

नवरा खाकरला.

"नळ घेतला, पण सांडपाण्याची जोडणी नको. का, तर पाइपासाठी अंगण खणावं लागणार, आणि अंगणात यानं नुकत्याच नव्या फरशा बसवल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र. त्यांवर कुणी चप्पल घालून आलं तर हा स्वतःच्या छातीवर पाय पडल्यासारखा कळवळायचा. भावजयीला नळ घ्यायचा तर तिचाही पाइप त्याच अंगणातून जाणार. ती विचारायला गेली, 'दादा, पोरीसाठी नळ घेते. दोन-चार फरशा निघतील, मी होत्या तशा बसवून देईन.' हा चारचौघांत म्हणाला, 'नळ कशाला? मी विहिरीवर पाणी सोडलं. अख्खी विहीर आता तुझी!' लोकांनी वाहवा केली. त्या भाबडीनं हात जोडले."

"चांगलंच केलं की," भावजी म्हणाले.

"थांब जरा. याची सेप्टिक टाकी कधीची तुडुंब भरली होती. उपसायची गाडी आणावी, तर तीही फरशांवरूनच जाणार. मग या दीडशहाण्यानं गुपचूप भिंतीच्या बुडातून एक बारीक पाइप काढला. टाकीतून... सरळ..."

"विहिरीत?" मी विचारलं.

"बायकोला हसून हसून सांगत होता म्हणे. पाणी सोडलं म्हणालो ना? मग? एक अक्षर तरी खोटं बोललो का?"

मी बाळाला उगाचच एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"विहिरीचं पाणी दिसायला नितळच. थोडे दिवस गेले आणि पोरगी आजारी पडली. जुलाब, ताप. जरा उठून बसायची, की पुन्हा आडवी. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं? आई म्हणाली, घरच्या विहिरीचं, हिच्या बापानं खोदलेल्या. डॉक्टर म्हणाले, मग भरपूर पाणी पाजा. आणि ती पाजत राहिली. वाटीनं. चमच्यानं. पोर नको म्हणायची, ही लाडीगोडी लावून पाजायची.

"हा रोज चौकशीला जायचा. दारातूनच. 'काळजी घे गं पोरीची.' आणि घरी येऊन नळाचं पाणी प्यायचा. मी त्याला माणूस म्हणत नाही. गटारही म्हणत नाही, गटार निदान कामाचं असतं."

काकांनी आवाज खाली आणला. आम्ही नकळत एक पायरी वर सरकलो.

"मार्चमधला गुरुवार. पौर्णिमा. अमावस्या नव्हती, भुतं काही कॅलेंडर बघून निघत नाहीत. पोरीनं दिवसभर डोळे उघडले नव्हते. आजची रात्र काढली तर बघू, असं डॉक्टर सांगून गेले होते. रात्री अडीचच्या सुमाराला स्वयंभूला जाग आली. बायको माहेरी. घरात एकटा. पुढचं मला त्यानं स्वतः सांगितलं, माझा दंड घट्ट धरून.

"आवाज येत होता. थाप्... मग शांत. थाप्... ओल्या गिलाव्यावर थापी मारावी तसा. न्हाणीतून? नाही. जमिनीखालून.

"टॉर्च घेतला. विहिरीवर गेला. मागच्या घरात दिवा होता. भावजय पोरीपाशी बसलेली. हा वाकला. खाली पाणी. पाण्यात चंद्र. आवाज थांबला.

"चंद्र हलला."

"कोण... कोण होतं?" भावजी.

"दिसलं कुणीच नाही. हाक आली. साधी. कामावरच्या माणसानं वरच्याला मारावी तशी. 'दादा... विहिरीवर पाणी सोडलंस?'"

नवऱ्याचा हात बाळाच्या पायावर आला होता.

"पुन्हा तेच. 'सोडलंस ना?' शेवटी हा म्हणाला... 'सो... सोडलं.'

"खालून आवाज आला. 'बरं.'

"एवढंच. बरं. मग एक थाप्. शेवटची."

"मग?"

"मग याच्या घरातून... गुड्... गुड्... हा धावत आला. दार उघडलं. वर येत होतं. संडासातून. मोरीतून. न्हाणीतून. इतके दिवस सोडलेलं सगळं. उंबरा ओलांडून अंगणात. पांढऱ्याशुभ्र फरशांवर. हा पुसायला बसला. चादरीनं. सदऱ्यानं. मग हातानं. मी सकाळी मीटर वाचायला गेलो तेव्हाही पुसतच होता. मला बघितलं आणि म्हणाला, 'चप्पल... चप्पल काढून या.'"

भावजींना हसू फुटलं आणि निम्म्यातच विरलं.

"वासानं गल्ली गोळा झाली. पाइपाचं बिंग फुटलं. भावजय मागे वळली. घरात गेली, पाण्याचं भांडं उचललं, आणि त्याच्यासमोर त्याच्या फरशीवर ओतलं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरून तिला नळाचं पाणी नेऊन दिलं. पोरगी वाचली. आता कॉलेजात आहे. उगाच चेहरा पाडू नकोस, सूनबाई."

मी बाळाचं झबलं सारखं केलं.

"पण काका," नवरा म्हणाला, मघापेक्षा बराच हळू, "पाइप तुंबला असेल. पाइप तुंबतात."

"तुंबतातच. मीही तेच म्हटलं. म्हणून विहीर उपसायच्या आधी आरसा आणवला आणि उन्हाचा कवडसा आत पाडला. पाइपाचं तोंड पाण्याच्या हातभर वर होतं. कुणीतरी ते सिमेंटनं बुजवून टाकलं होतं. गुळगुळीत, कसलेल्या हातानं. आणि सिमेंट ओलं असताना त्यात एक पंजा उमटला होता. अख्खा पंजा. बोटं आभाळाकडे.

"वरून दोराला लोंबकळणाऱ्याची बोटं खाली असतात रे. हा हात खालून आला होता. पाण्यात नीट उभं राहून टेकवलेला.

"त्या विहिरीत तेव्हा दोन पुरुष खोल पाणी होतं."