मारिंब्यामागे ठेवलेला ताशा

मी भुतेखेते मानणारा मनुष्य नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे होत नाहीत. तरीही पुढे लिहिलेले अक्षर न् अक्षर सत्य आहे, कारण ते मी स्वतः, शुद्धीत असताना पाहिले आहे.

गेल्या फेब्रुवारीतील एक शनिवार. सायंकाळची वेळ. गंगापूर रोडवरील एक सभागृह.

माझे नाव पुंजा. पंचवटीतील आमच्या पथकात मी ढोल वाजवतो. पथकाचा प्रमुख माझा चुलतभाऊ धनराजदादा. तो ताशा वाजवीत असे. आमच्यात मात्रा कुणी मोजत नाही. दादाची काडी वर गेली, की सर्वांची टिपरे एकदम ढोलावर पडत. आयुष्यभर आम्ही फक्त ती काडी पाहत आलो.

त्याची मुलगी तेजल मारिंबा वाजवते. मारिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचे, पलंगाएवढे लांब वाद्य. प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून ते वाजवितात. तिचे गुरू प्रफुल्ल सर यांनी एकटा मारिंबा आणि आमचे ढोल यांच्यासाठी नवीन रचना केली होती. नाव ‘ओसरतं पाणी’. तीत एके ठिकाणी ढोल थांबतात. मारिंबा एकटा उरतो. मग तोही विझतो. संपूर्ण शांतता. त्या शांततेत दादाने काडी उचलायची आणि आम्ही शिरायचे, असे ठरले होते.

कार्यक्रम तोंडावर आला आणि दादा हृदयविकाराने गेला.

तेजल रडली नाही. जलदान विधीच्या दिवशीसुद्धा नाही. आलेल्यांना चहा देत राहिली. मला इतकेच म्हणाली, "काका, हात माझे वाटतच नाहीत. हा एक कार्यक्रम वाजवून बघते. नाही जमलं, तर काठ्या कायमच्या ठेवून देणार."

आता खूण तेजलने मान हलवून द्यायची होती. दादाच्या जागी, म्हणजे तिच्या पाठीमागे आणि आमच्या समोर, आम्ही त्याचा ताशा स्टँडवर ठेवला. त्याचा मान राखण्यासाठी.

"तो हलवा तिथून," प्रफुल्ल सर म्हणाले. "सवयीनं सगळे तिकडेच बघाल. पोरीकडे बघायचंय."

"सर, आम्हाला तुमचं लिहिलेलं वाचता येत नाही," आमचा दीपक म्हणाला, "पण माणूस गेलाय एवढं कळतं. तुम्ही पुंजाकाकांवर लक्ष ठेवा, नाहीतर ते स्टेजवर वरात काढतील."

सगळे हसले. ताशा तेथेच राहिला.

तालमीत एक गोष्ट लक्षात आली होती. मारिंब्याचे खालचे, जाड स्वर वाजले, की…

ताशाचे पान, म्हणजे तोंडावर ताणलेला पडदा, आपोआप गुणगुणे.

सर म्हणाले, "जवळ मोठा नाद झाला की पान थरथरतंच." आम्हांस पटले.

कार्यक्रम सुरू झाला. तेजलचे हात यंत्राप्रमाणे चालत होते. ठरल्या जागी आम्ही थांबलो. मारिंबा एकटा उरला. खालचे स्वर. मागे ताशाची गुणगुण.

आणि मग…

गुणगुण थांबली.

मारिंबा वाजतच होता. ताशा मात्र गप्प. त्याच्या पानावर कुणी तळहात ठेवावा, तसा.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटले नाही.

तेवढ्यात तेजल चुकली. काठी भलत्याच पट्टीवर पडली. ती थांबली. हात हवेत तसेच राहिले.

शांतता लांबत गेली.

कुणीतरी खोकले. तिची मान हलेना. पहिल्या रांगेत सर उठून उभे राहिले. संपले, पोरगी काठ्या ठेवणार, असे मी मनात म्हटले.

तेव्हा…

काडी वर गेली.

आम्ही शिरलो. सर्व एकदम. एकही टिपरू मागे-पुढे झाले नाही. ढोल ऐकताच तेजलचे हात खाली आले आणि तिने रचना शेवटपर्यंत नेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते.

पडद्यामागे ती आमच्याकडे आली. "काका, तुम्ही शिरलात म्हणून वाचले. पण खूण कुणी दिली?"



दीपक स्वतःच्या पायांकडे पाहत म्हणाला, "दादांनी."

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. प्रत्येकाने मान डोलावली. काडी सर्वांना दिसली होती. फक्त तेजलला नाही. तिची त्या बाजूस पाठ होती.

ती हळूच म्हणाली, "बाबा माझ्याकडे बघत होते का?"

"नाही पोरी. तोंड आमच्याकडे होतं त्याचं."

"मग बरं झालं. मी चुकले, ते दिसलं नाही त्यांना. नाहीतर घरी गेल्यावर बोलले असते."

आणि ती रडली. दादा गेल्यापासून प्रथमच.

तेजल आजही मारिंबा वाजवते. त्याबद्दल समाधान आहे. परंतु दादाचे तोंड आमच्याकडे होते, हे मी तिच्यासाठी म्हणालो.

मला काडी दिसली. काडी धरलेली बोटे दिसली. मनगट दिसले. त्याच्या वर, जेथे चेहरा असावयास हवा होता, तेथे…

आरपार तेजलची पाठ दिसत होती.

इतरांना काय दिसले, हे मी अद्याप विचारलेले नाही.