बाकावरची सोडलेली जागा

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाय. बसला तर माझं नाव बदला!" पोलादपूरला गोदूबाईच्या हॉटेलात म्हातारा हैबती नेहमीच्या जागी बसला की हेच बोलून सुरुवात करी. नेहमीची जागा म्हणजे भिंतीवरच्या केशतेलाच्या जुन्या कॅलेंडरकडे पाठ करून. "एक अक्षर खोटं निघालं, तर गोदूबाईनं मला कपबशीसकट रस्त्यावर काढावं."

महाडला मुरारी फोटोग्राफर होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दिवसभर लोकांचे चेहरे काढायचे आणि संध्याकाळी त्याच चेहऱ्यांशी बोलत भाकरी मोडायची. एकदा घाटातल्या कापडे गावच्या वरच्या वाडीतली तुळसा त्याच्याकडे आली. तिचा नवरा चांगू मुंबईला गिरणीत. त्याचा निरोप होता, तुझा फोटो तिथं काढ, माझा मी इथनं धाडतो, मुरारी दोन्ही जोडील. तेव्हा असे जोडफोटो निघत; नवराबायकोची वर्षभर गाठ नाही, फोटोत मात्र खांद्याला खांदा.

मुरारीनं तिला बाकाच्या टोकाला बसवलं. "धन्याची जागा सोड गो."

तिनं सोडली. वर पदरही आवरून घेतला, जसा काही चांगू आत्ताच टेकणार होता.

चांगूचा फोटो आलाच नाही. आला तो मुंबईचा कॅलेंडरवाला. स्टुडिओच्या दर्शनी भागात लावलेला तुळसेचा फोटो त्याला आवडला, बाकावरची मोकळी जागा तर त्याहून आवडली. ज्या काचेवर फोटो उतरला होता ती काचच मुरारीनं त्याला देऊन टाकली. तुळसेला विचारलं नाही. काच आपली, कॅमेरा आपला, मग विचारायचं कुणाला?

पुढच्या वर्षी दासगावापासून पोलादपुरापर्यंत दुकानादुकानांत तुळसा टांगली गेली. चांगूच्या जागेवर केशतेलाची बाटली.

शिमगा जवळ आला तशी एका दुपारी ती स्टुडिओत आली.

"मुरारीदादा, माझा फोटो काढलास ना? मग परत घाल."

"काढलेला दात तरी परत बसतो का गो?" मुरारी हसला.

"जेवढ्या भिंतींवर टांगलास, तेवढी मी घरातनं गेले रे. कुत्रा भुंकतो माझ्यावर. सासू माझ्या पुढ्यातलं ताट उचलते, म्हणते कुणाला वाढलं हे? शिमग्याला चांगू येतोय. त्यानं तरी मला वळखाया पायजे."

मुरारीला वाटलं, दुसरा फोटो काढून द्यावा, बाई शांत होईल. तिला बाकावर बसवून तो कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरला. मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, तसं दिसलं. उलटा पडदा. उलटा बाक.

बाक रिकामा होता.

त्यानं डोकं बाहेर काढलं. तुळसा बसलेली होती. टोकाला, जागा सोडून.

"दिसते का रे मी?"

मुरारीनं काळं कापड कॅमेऱ्यावर ओढून घेतलं.

शिमग्याला चांगू आला. अंगणात ट्रंक ठेवून समोर उभ्या बाईला म्हणाला, "बाय, तुळसा कुठं गेली?"

ती तशीच घाट उतरून महाडला आली.

"आता नको घालूस," ती मुरारीला म्हणाली. "तिथंच जाते. पण तिथं लय एकटं वाटतं रे. बाटली काय बोलत नाय."

मुरारी दारात उभा होता. मागं रिकामी खोली, भिंतीभर चेहरे.

"जागा हाय," ती म्हणाली.

हैबतीनं बशीतला चहा फुंकला.

"मग काय! मुरारीनं स्टुडिओला कुलूप घातलं नि मुंबई गाठली. दुसरं लगीन केलं. मजेत हाय."

"खोटं," चुलीपाशी बसलेली गोदूबाई म्हणाली.

"काय खोटं?"

"तो कुठला जातोय मुंबईला! वळ की जरा मागं. रोज पाठ करून बसतोस."

हैबती वळला नाही. बशी हातात तशीच राहिली.

"त्या शिमग्यापासनं बसलाय तिच्या शेजारी," गोदूबाई म्हणाली. "बाटली मांडीवर घेऊन."