डॉक्टरांची खुर्ची

भोकरदनच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या सकाळी बैल होते, म्हशी होत्या, शेळ्या होत्या. साखळीला धरून आणलेलं कुत्रं मात्र एकच होतं, तृप्तीचा भुऱ्या. त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पुढे झाला आणि डॉक्टरांच्या गमबुटावर निवांत पाय वर केला.

"अरे देवा... सॉरी, डॉक्टर!"

"असू द्या. सकाळपासून म्हशीच्या लाथा खातोय. त्यामानानं हे प्रेमाचंच."

डॉ. स्वानंद हसला आणि लगेच खाली बघू लागला. बुटाकडे बघत होता, की तिच्याकडे बघायचं टाळत होता... तृप्तीला कळेना.

"हेच घरात करून राह्यला. एवढा मोठा झाला, कधी केलं न्हाई. आता रोज सोफ्याला! आई म्हणते, थांबलं न्हाई तर मामाच्या उसात सोडते, अंकुशनगरला."

"अंकुशनगर? फार लांब." तो जरा थांबला. "म्हणजे... कुत्र्यासाठी."

लघवीच्या तपासणीत काहीच दोष निघाला नाही. मग स्वानंदनं प्रामाणिकपणे सांगितलं, "मला गाईम्हशींतलं कळतं. घरातलं कुत्रं इथं कुणी आणत नाही. जालन्यात माझी वर्गमैत्रीण आहे, यशश्री. तिचा कुत्र्यांचाच दवाखाना आहे. तिला विचारतो."

बाकीचं सगळं तृप्ती विसरली. 'वर्गमैत्रीण' तेवढं बराबर लक्षात राहिलं.

यशश्रीनं अचूक सांगितलं होतं. सोफा जुना घेतलेला. आधीच्या मालकांचं कुत्रं त्यावर झोपायचं. त्या वासावर भुऱ्या आपला वास चढवत होता. फिनेलनं तो वास जात नाही, व्हिनेगरनं पुसा. मागाहून मारू नका, त्याला कळत नाही कशासाठी मारलं. सोफा गेला आणि आठवडाभर घर कोरडं राहिलं.

मग जालन्याहून परतताना स्वानंद "सहज, बघायला" आला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चहा प्यायला आणि अर्धं बिस्किट गुपचूप भुऱ्याला दिलं. तो गेल्यावर खुर्चीचा पाय ओला.

"पुन्हा विचारतो यशश्रीला," तो म्हणाला. जालन्याला जाऊन विचारून आला, चहा प्यायला. पुन्हा खुर्ची ओली.

असंच चालू राहिलं. तो जालन्याहून येणार असेल त्या दिवशी तृप्ती कानात झुमके घालू लागली. त्याच्या तोंडी मात्र एकच... यशश्री म्हणते, त्याला जास्त फिरवा. यशश्री म्हणते, धीर धरा.

"आणि डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, चहात आलं छान पडलंय."

एका दुपारी तिनं मोबाईलवर यशश्रीचा फोटो शोधला. आखूड केस, हसरा चेहरा, कडेवर झुबकेदार पांढरी कुत्री. तृप्तीनं फोटो मोठा करून पाहिला. मेलीचे दातसुद्धा सरळ होते.

पुढच्या खेपेला स्वानंदच्या पँटवर, गुडघ्याच्या वर, लांब पांढरे केस दिसले. तृप्तीनं चहात साखर घातली नाही. त्यानं निमूट पिऊन टाकला.

मंगळवारी तो टेंभुर्णीहून थेट आला. गाईचं बाळंतपण करून, शेणानं माखलेला. भुऱ्यानं त्याला हुंगलं आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपला. खुर्ची कोरडी राहिली.

तृप्ती खुर्चीच्या त्या कोरड्या पायाकडे बघत राहिली.

शुक्रवारी पँटवर पुन्हा पांढरे केस. भुऱ्यानं हुंगलं आणि स्वानंद बसलेला असतानाच खुर्चीवर पाय वर केला.

"पुन्हा मुतलं का गं ते?" स्वयंपाकघरातून तृप्तीची आई, उषाबाई, ओरडल्या. "बास झालं! उद्या अंकुशनगर!"

"डॉक्टर, बाहेर या जरा," तृप्ती म्हणाली.

ओट्यावर वाळत टाकलेल्या तुरीच्या शेंगांपाशी ती थांबली.

"हे केस कुणाचे?"

"बर्फीचे. यशश्रीच्या..."

"मांडीवर घेता तिला?"

"कुत्रीला!"

"मी कुत्रीचंच विचारलं." तिचे कान तापले होते. "तुम्ही कुठून आलात ते भुऱ्याला कळतं. मलाही कळतं. तो राग दाखवून मोकळा होतो... आम्हाला चहा करावा लागतो."

स्वानंद मांडीवरचे केस झटकू लागला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या खेपेलाच कळलं."

"मंग कपडे बदलून का न्हाई आलात?"

"खुर्ची कोरडी राहिली असती. मग तुमच्याकडे यायचं कोणत्या तोंडानं?" तो खाली बघायला लागला, पण या वेळी मान पुन्हा वर केली. "यशश्री हसते मला. म्हणते, अरे, कुत्र्याच्या मुतावर किती दिवस संसार उभारणार आहेस?"

तृप्तीच्या ओठांवर हसू आलं होतं. तिनं ते परत पाठवलं.

"तुमच्या निमित्तापायी माझं कुत्रं उद्या उसात चाललंय. त्याचा विचार केल्ता?"

त्याचा चेहरा उतरला. "नाही."

"मंग आईला सांगा. सगळं."

उषाबाई भाकरी थापत होत्या. स्वानंद दारातच उभा राहिला.

"काकू, भुऱ्याला पाठवू नका. चूक माझी आहे."

"तुम्ही मुतलात?"

"नाही! म्हणजे... माझ्या कपड्यांना दुसऱ्या कुत्रीचा वास होता. मला माहीत होतं, तरी तसाच येत राहिलो."

"कामून?"

तव्यावर भाकरी फुगत होती. दाराआड तृप्ती कान लावून उभी होती.

"तृप्तीला भेटता यावं म्हणून."

उषाबाईंनी भाकरी उलटली. घाई नव्हती त्यांना.

"एवढं सांगायला माझं व्हिनेगर संपवलं होय? भुऱ्या कुठं जात न्हाई. बसा, जेवून जा. तृप्ते, तुझ्या बापाचा पायजमा दे यांना. ती पँट माझ्या घरात नको."

तृप्तीनं घडीचा पायजमा पुढे केला. त्यानं धरला, पण तिनं सोडला नाही.

"आधी यशश्रीला फोन लावा. सांगा, आजपासून तुझ्याकडे येणं बंद."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर... आणि स्पीकरवर."