दातवाले भावजींचा ग्लास

हे खरं आहे. इथे ग्रुपवर रोज दहा जण असंच लिहितात, ठाऊक आहे मला. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल पुढे जावं. पटवत बसायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

आमच्याच घरातली गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, शनिवारची संध्याकाळ, दिवे लागायची वेळ.

माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते, पण कोण काय पितं ते मी कपड्यावरून सांगते. रेड वाइनचा डाग सुकला की जांभळट पडतो. बिअरचा डोळ्यांना दिसत नाही, पण इस्त्रीची वाफ लागली की अख्खं दुकान आंबूस होतं. व्हिस्की बाहीवर सांडते, रम मांडीवर. बायका शर्ट टाकताना म्हणतात, "चहा सांडलाय हो." मी म्हणते, "हो का? गोड होता ना चहा?"

आमच्या ह्यांच्या बाहीवर कायम व्हिस्की.

ह्यांचं चष्म्याचं दुकान. शेजारच्या गाळ्यात दातांचा दवाखाना, आणि तिथले डॉक्टर म्हणजे ह्यांचे जिवाभावाचे मित्र. मी त्यांना दातवाले भावजी म्हणायचे. दर शनिवारी आमच्या गॅलरीत दोघांची बैठक. ह्यांची आवडती ती धुरकट वासाची व्हिस्की, त्यात पाण्याचे दोनच थेंब. "जास्त पाणी घातलं की ती रुसते," म्हणायचे. भावजींची काळी रम. वर गरम पाणी, आणि त्यात एक लवंग.

"बिअर म्हणजे चूळ भरायचं पाणी, वहिनी," भावजी मला सांगायचे. "वाइन सर्दीला बरी. आणि तुमच्या नवऱ्याची व्हिस्की म्हणजे जळकं लाकूड!"

"तुमचं तर दवाखान्यातलंच औषध आहे, लवंगेचं," हे म्हणायचे. मग दोघं हसत सुटायचे. मीही हसायचे. माणूस लाख मोलाचा होता हो.

एक नियम मात्र दोघं कटाक्षाने पाळायचे. ज्याचा ग्लास भरलेला आहे, त्याला एकटं टाकून उठायचं नाही.

भावजी गेले. दवाखान्यातच, पेशंटचा दात तपासताना. हार्ट अटॅक. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

त्या शनिवारी ह्यांनी गॅलरीत दोन ग्लास भरले. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "बसा, डॉक्टर."

मला भरून आलं.

मग ह्यांची रोजचीच सुरू झाली. वर्षभरात डोळे पिवळे पडले, पोट फुगलं. हॉस्पिटलमध्ये पोटाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "लिव्हर गेल्यात जमा आहे. आता एक पेग जरी घेतला, तरी माझ्या हातात काही नाही."

ह्यांनी सोडली. खरंच सोडली. हात थरथरायचे, रात्र रात्र घामाने उशी भिजायची, पण थेंब घेतला नाही. घरातल्या सगळ्या बाटल्या मी स्वतः मोरीत ओतल्या. महिन्याभरात रिपोर्ट सुधारला. वाटलं, वाचलो.

आणि एका शनिवारी... गॅलरीत खुर्ची सरकली.

घरात आम्ही दोघंच. हे माझ्यासमोर कॉटवर पडलेले.

मांजर असेल, म्हणून मी बघायला गेले. मांजर नव्हतं. कोणीच नव्हतं. कोपऱ्यात सरकवून ठेवलेली खुर्ची टेबलापाशी आली होती.

आणि वास...

लवंगेचा.

टेबलावर ग्लासाच्या बुडाचं ओलं वर्तुळ होतं. मी बोट लावलं. ओल गरम होती.

आत धावत आले, तर हे उठून पायाने चप्पल चाचपत होते.

"ते आलेत गं. जरा बसून येतो."

"कोण आलंय? गप पडा तिकडे!" मी गॅलरीच्या दाराला कडी घातली.

पुढच्या शनिवारी वेगळाच आवाज.

टिंग...

ग्लासावर नखाने टिचकी मारल्यावर येतो तसा. ह्यांना आत उशीर झाला की भावजी अशीच टिचकी मारायचे.

हे दारापाशी गेले. कपाळ दाराला टेकवून लहान पोरासारखे रडायला लागले. "सोड गं मला. एकटे बसलेत ते. मीच बसवलंय त्यांना."

मी पाठीमागून मिठी मारून धरून ठेवलं. बाहेर टिंग... टिंग... चालूच.

मग एक दिवस पोटाचे डॉक्टर माझ्यावरच भडकले. "परत प्यायला लागलेत हे. रिपोर्ट खोटं बोलत नाही!"

"अहो, मी चोवीस तास ह्यांच्या जवळ असते. दुकान बंद ठेवलंय मी!"

त्यांचा विश्वास बसला नाही. कसा बसणार? सकाळी ह्यांच्या तोंडाला धुराचा वास यायचा. मला दुसरं काही नाही तर वास तरी कळतो. तीच व्हिस्की होती. घरात बाटली नाही, दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

"नाही गं प्यायलो," हे शपथ घेऊन सांगायचे. "झोपेत मी तिथे असतो. ते भरतात, मी नुसता बसतो."

मी खुर्च्या भंगारात दिल्या. टेबल दिलं. काय काय नवस बोलले, माझं मला ठाऊक. शेवटी एका शनिवारी ह्यांना घेऊन थोरल्या जाऊबाईंकडे गेले. त्यांच्या घराला गॅलरीच नाही.

तर त्यांच्या स्वयंपाकघरात खुर्ची सरकली.

आम्ही परत घरी आलो. पुढच्या शनिवारी ह्यांना धड उठताही येत नव्हतं. डोळे हळदीसारखे. नुसते ओठ हलत होते... "आलो डॉक्टर, आलो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मित्र असेल तुमचा, नवरा माझा आहे. काय व्हायचं ते होऊ दे.

दारूच्या दुकानात गेले. तो दुकानदार माझंच गिऱ्हाईक. "ताई, तुम्ही? आणि रम?"

"डाग काढायचाय," म्हटलं.

पाणी उकळलं. ग्लासात रम, वर पाणी, एक लवंग. घरातली दोन स्टुलं गॅलरीत मांडली, मधे एक पाट ठेवला आणि त्यावर ग्लास. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. ह्यांनी मागून येऊ नये म्हणून गॅलरीच्या बाजूने कडी घातली.

समोरचं स्टूल रिकामं होतं.

"भावजी," मी म्हटलं, "ह्यांना सोडा हो. तुम्हाला बसवलं ते ह्यांनी, कबूल. पण ते मरतील आता. तुम्हीच म्हणायचात ना, वहिनींसारखी बाई नाही? पदर पसरते तुमच्यापुढे. नियम पाळायचाय ना? मी बसते. ह्यांच्या जागी मी बसते."

काहीच नाही. खालच्या रस्त्याचा आवाजसुद्धा नाही. गाड्या जात होत्या, मला दिसत होत्या... पण आवाज नव्हता.

मग ग्लासातून निघणारी वाफ एकदम थांबली. आणि माझ्यासमोर...

टिंग.

माझ्यासमोर दुसरा ग्लास होता. मी आणला नव्हता. धुराचा वास येत होता त्याला.

मी डोळे मिटले आणि घोट घेतला. आयुष्यातला पहिला. घसा जळत गेला. समोर कोणीतरी सुस्कारा सोडला, बऱ्याच वेळाने सोबत मिळाल्यासारखा.

आत आले तेव्हा हे गाढ झोपले होते. अंगाला घाम नाही, कण्हणं नाही.

तेव्हापासून रिपोर्ट सुधारत गेला. पोटाचे डॉक्टर म्हणतात, त्यांनी असं कधी पाहिलं नाही. हे चालायला लागले, जेवायला लागले, परत दुकानात बसायला लागले. शनिवारची सात वाजायची वेळ आता मीच सांभाळते. ह्यांना सांगितलंय, गॅलरीत निवांत कपड्यांना टॅग लावते, मधे मधे करू नका. वास येऊ नये म्हणून दोनदा दात घासते.

मला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. माणूस वाचला, मग काय हवं?

काल मी गॅलरीत असताना दार धडधड वाजायला लागलं. पलीकडून हे ओरडत होते.

"अगं उघड! कोणाशी बोलतेस तू? केव्हाची हसतेयस एकटीच! पाया पडतो तुझ्या, दार उघड!"

मला उठायचं होतं. आईशप्पथ, उठायचं होतं. हे रडत होते. पण समोरचा ग्लास अजून भरलेला होता, आणि मी उठले नाही.

काल शनिवार नव्हता. मंगळवार होता.