कावेरीचे शून्य शब्द

कावेरी हावळे, वय वर्षे तीन, दिवसाचे शब्द शून्य! प्रयोगशाळेच्या पडद्यावरचा आकडा तिसऱ्यांदा पाहून डॉ. सुलक्षणा मगदूम चांगल्याच वैतागल्या. शब्दगणक त्यांनीच बनवलेला. मुलाच्या गळ्यातलं ते इवलंसं पदक, घरची माणसं त्याच्याशी किती शब्द बोलतात ते महिनाभर मोजत राही. अहो, नुसती रागावलेली आईसुद्धा दिवसाला दोनशे शब्द सहज ऐकवते!

"शब्द नाहीत म्हणजे मेंदूतलं भाषाकेंद्र उपाशी," केंद्रप्रमुख रहाळकर म्हणाले. "मुलगी सोमवारपासून संगोपनगृहात. घरी फक्त रविवारी."

"पण सर, मेंदू थोडेच शब्द मोजतो? एकानं सांगायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, त्यावर तो वाढतो. शब्द हे आपल्या सोयीचं माप."

"मग मेंदूपट काढा. तोही अंधारा निघाला, तर संगोपनगृहाच्या कागदावर सही करा."

हावळ्यांच्या इचलकरंजीच्या घरात चार जुने यंत्रमाग. कावेरीची आई शेवंता प्रयोगशाळेत अंग चोरून बसली होती, हात पदराखाली. लेकीचेही हात मांडीत घट्ट.

"घरी कुणी बोलत नाही का हिच्याशी?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"बोलतो की. लई बोलतो, बाई."

खोटं बोलतेय बिचारी, असं वाटून बाईंना फार वाईट वाटलं.

मेंदूपटाची टोपी घालून कावेरीला आवाजबंद काचखोलीत बसवलं. बाईंनी बाहुली दाखवली, गोड गोड बोलून शब्दांचा नुसता भडिमार केला. पोरगी ढिम्म! बाहेर रहाळकरांसमोरचा पडदा अंधाराच. बाई बाहेर आल्या, दार मिटलं आणि कावेरीनं भोकाड पसरलं.

शेवंता धावत काचेपाशी गेली. तिचे हात पदराबाहेर आले, बोटं भराभर फिरली, ओठ आवाजावाचून हलले. कावेरीनं नाक पुसलं आणि हातांनीच उत्तर दिलं. पुन्हा आई, पुन्हा लेक.

"सर, पडदा बघा!"

भाषाकेंद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळलं होतं.

शेवंतानं दचकून हात लपवले. "मागाच्या खडखडाटात काय ऐकू येतंय? सासू, दीर, मालक, समदे असंच बोलतो आमी, माग बंद असले तरीबी. साहेबांम्होरं हातवारं बरं न्हाई दिसत, म्हणून लेकीलाबी दटावून आणलं व्हतं."

"हातवारेच ते," रहाळकर म्हणाले. "जे समोर नाही, ते सांगता येईल का तिला? विचारा, काल घरी काय झालं."

शेवंतानं विचारलं. कावेरीची बोटं बराच वेळ नाचली. शेवंताचे डोळे मोठे झाले.

"आगं बया! म्हणतीया, काल दूध आजीनं उतू घालवलं आन् नाव मांजराचं घेतलं. मला तर हे ठाऊकच न्हवतं!"

रहाळकर खो खो हसले. त्यांनी संगोपनगृहाचा कागद टरकन फाडला. सुलक्षणाबाईंचे डोळे भरून आले. आनंद झाला आणि स्वतःची लाजही वाटली. त्यांनी लगेच जुनी यादी काढली. शून्य शब्दांची आणखी एकेचाळीस मुलं संगोपनगृहात होती, सगळी मागवाल्यांची.

चौथ्या दिवशी ती मुलं घेऊन बस मागांच्या गल्लीत शिरली. दारोदारी आया उभ्या होत्या. बस थांबायच्या आतच खिडक्याखिडक्यांतून हात बाहेर आले आणि हातांचाच एकच गलका उडाला. माग चालूच होते, कानाला खडखडाटाशिवाय काही ऐकू येईना.

"काय म्हणताहेत सगळी?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

शेवंतानं त्यांच्या ओठांवरून प्रश्न वाचला आणि त्यांच्या कानाशी येऊन ती ओरडली, "इच्यारतायत, जेवाया काय केलंय!"