पाणी तोडलेलं डाळिंब

मी कारखान्यातून परतले, तेव्हा गोजाबाईंच्या बागेत एक अनोळखी माणूस डाळिंबाची मुळं उघडी करत बसला होता. सायकल कुंपणाला टेकवलेली, हातात कुदळ.

"काय चाललंय हे?"

"ताण देतोय."

"कुणाला?"

"सध्या तरी झाडाला," तो म्हणाला, आणि कपाळावरची माती पुसायला जाऊन आणखीच माखला.

तो सयाजी, गोजाबाईंचा भाचा. आकुर्डीत त्याची डाळिंबाची बाग होती. गोजाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने तळेगावला गेल्या होत्या. चिंचवडमधली मागची खोली मला देताना त्यांनी एकच अट घातली होती – बाग सांभाळायची. "आमच्या मालकांनी लावलेलं डाळिंब हाय, इंदुताई. त्याला काय झालं, तर खोली रिकामी करायची."

त्या हसत म्हणाल्या होत्या. मला हसता आलं नव्हतं. औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी नुकती लागले होते. नगरहून वडिलांनी स्पष्ट लिहिलं होतं : घरंदाज बाईच्या आसऱ्याला आहेस म्हणून नोकरी करू देतोय; खोली गेली, की परत ये. एकट्या मुलीला दुसरी खोली कोण देणार होतं?

"आता चाळीस दिवस पाणी बंद," सयाजी म्हणाला. "पानं गळतील. मग पाणी द्यायचं, की फुलं धरतील."

मी मान हलवली. पण रसायनशास्त्राच्या पदवीने मला एवढं शिकवलं होतं, की पाण्याशिवाय झाड मरतं. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे गुपचूप पाणी घालू लागले.

तो दर रविवारी यायचा. तिसऱ्या रविवारी झाडाभोवती दोन फेऱ्या मारून थांबला.

"आमच्याकडची झाडं पिवळी पडली. हे मात्र नवरीवानी टवटवीत."

"जात चांगली असेल."

"व्हय. न्हाईतर कुणीतरी लाड करत असंल." त्याने चिमूटभर माती बोटांत चुरली. "ओली हाय."

"दव पडतं हल्ली."

"ह्याच झाडाखाली?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "दोन लिटर... रोज."

"मोजून?"

"मोजून."

तो खळखळून हसला. मला मात्र रडू फुटलं, आणि मी खोलीची अट, वडिलांचं पत्र – सगळं त्याला सांगून टाकलं. त्याचं हसू विरलं.

"आत्यानं तुमाला सांगायला पायजे होतं. पर आमच्यात पोरासोरांनाबी हे ठावं असतं, तिच्या ध्यानातच आलं नसंल."

"आणि मेलं तर?"

"मी मारलं म्हणून सांगीन."

"त्याने माझी खोली राहील?"

त्याने बोटांवरची माती झटकली. "न्हाई. झाड जगंल, म्हणून राहील."

खोटा दिलासा दिला नाही, म्हणूनच असेल... मी पाणी बंद केलं.

पानं पिवळी झाली, गळली. मी रोज एक काडी नखाने खरवडून आतला हिरवेपणा पाहायची. सयाजी आता बुधवारीही येऊ लागला.

"झाड बघायला आलात?"

"झाडाला काय बघायचं? एक पान न्हाई त्याच्यावर," तो म्हणायचा, आणि माझ्याकडे बघत राहायचा.

चाळीस दिवसांनी आम्ही शेणखत घातलं, मुळं झाकली, हलकं पहिलं पाणी दिलं. बादलीच्या कडीवर त्याचा हात माझ्या हातावर आला. पाणी संपलं तरी दोघांनीही कडी सोडली नाही.

पण दहा दिवस झाले तरी कळी दिसेना. आणि गोजाबाई ठरल्यापेक्षा आधीच परतल्या. बोडक्या झाडासमोर उभ्या राहिल्या.

"सयाजी, ह्या वक्ताला फुलं पायजेत. हे काय?"

"आत्या, माझ्याकडनं–"

"मी पाणी घातलं," मी म्हणाले. "तीन आठवडे, चोरून. चूक माझी."

टाचा उंचावून गोजाबाईंनी सर्वांत वरची फांदी खाली ओढली. "हिकडं या, इंदुताई. तुमी खालच्याच बघत बसल्या व्हय? ऊन वर आधी लागतं."

पेरांवर ज्वारीच्या दाण्याएवढे लाल ठिपके होते. एका फांदीवर अकरा.

"उशिरा का व्हईना, धरलं."

"आणि... खोली?"

"खोलीला काय झालंय? जावा, चा टाका."

मी पायरीवरच बसले.

चहानंतर सयाजी सायकल घेऊन कुंपणापाशी घुटमळला. "आता खोलीचं भ्या न्हाई ना तुमाला?"

"नाही."

"म्हणून आत्ता इचारतो. आधी इचारलं असतं, तर आसरा पायजे म्हणून तुमी हो म्हणाल्या असता." त्याने घंटीवरची धूळ पुसली. "आमच्या घरी याल? कायमच्या? नोकरी सोडायची न्हाई. कारखाना सायकलनं अर्धा तास. सायकल मी शिकवीन."

"मला येते सायकल."

त्याचा चेहरा पडला. तो वळायला निघाला.

"अहो, थांबा," मी म्हणाले. "येईन."