पुसल्यावांचून

केळीची पानं आणायची, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी सौंदर्याच्या आजोबांचं श्राद्ध, आणि तिच्या राजेश्वरीआत्याला पानं हवीत ती सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्याच मळ्यातली. कुंभकोणमहून तिथे रिक्षानं जाऊन तासाभरात परत येता आलं असतं. पण तिच्या नवऱ्यानं, शशांकनं, दोन महिने खपून आजोबांची गाडी चालू केली होती, आणि जावयाचा हा पराक्रम अख्ख्या गल्लीनं पाहायला नको का?

गाडी एकोणीसशे एकोणसाठची. रंग मुळात कुठला होता यावर घरात दोन पक्ष होते. आजोबांनी, म्हणजे चंद्रमौली रावांनी, ती मोठ्या थाटात आणली. आडुतुरैच्या पहिल्याच फेरीत तिला बैल जुंपून घरी आणावं लागलं. पुढे ती जितकी पेट्रोलवर चालली तितकीच सोयऱ्याधायऱ्यांच्या खांद्यावर. कुणाकडे कार्य असलं की राव कुटुंब नेहमी उशिरा पोचायचं. बायका नटूनथटून मागे बसायच्या, आणि आजोबा स्टिअरिंगचं चक्र धरून गप्प, समोर बघत. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. मग एकाएकी मान हलवून गाडी काढायचे. मरुदानल्लूरच्या भजनाला तर ही मंडळी मंगळारतीलाच पोचतात असं लोक म्हणत.

चक्रापाशी पितळेची एक लहानशी पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर देवनागरीत कोरलं होतं : ‘पुसल्यावांचून गाडी हालवूं नये.’

“काय शिस्त होती गं तुझ्या आजोबांची!” शशांक पट्टी वाचून खूष झाला होता. तो पुण्याचा. त्यानं पिवळं फडकं आणलं आणि गाडी हलवण्याआधी टपापासून चाकांपर्यंत ती पुसायचा नेमच धरला. सौंदर्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जन्म कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घरातला असला तरी चार वर्षं पुण्यात राहून तिचे कान पुणेरी झाले होते.

तर त्या दुपारी गाडी पुसून निघाली. तीनचं ऊन, भाताची हिरवी शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कालव्याच्या पुलाचा चढ लागला तशी गाडी कण्हली, मागून जळक्या रबराचा वास आला, आणि अर्ध्या चढावर ती उभीच राहिली.

“काही नाही, हँडब्रेकची केबल अडकलीय,” शशांक बाह्या सरसावत म्हणाला. अशा वेळी त्याचा चेहरा फुलायचा. “चाक धरून बसलंय. मागच्या बाजूनं खाली शिरतो. मी ‘सोड’ म्हटलं की हँडब्रेक सोड, की बसवलीच समज.”

“आणि गाडी मागे आली म्हणजे?”

“वीट लावलीय ना चाकाला! तू ना, पानाच्या सळसळीलाही दचकतेस. बस तिकडे.”

ती चक्रापाशी बसली. मागे खाली शशांकचं शीळ घालणं. बाकी सगळं निपचित. गाडीचा पत्रा उन्हानं तापून मधूनच बारीक कडकडत होता, आणि जुन्या गाद्यांतून ओल्या काथ्याचा वास येत होता. फोन वाजला आणि ती खरोखरच दचकली.

“पानें मिळालीं कां गो?” आत्या.

“नाही आत्या, पुलावर बंद पडली. शशांक खाली शिरलाय.”



“खालीं? पुसलंस कां?”

“हो! निघतानाच. चकचकीत पुसली.”

“चकचकीत?” आत्याचा आवाज खाली आला. “अगो… कोणाला पुसलंस?”

सौंदर्याची नजर पितळी पट्टीवर गेली. घरात लहानपणापासून ऐकलेला शब्द. ‘आईला पूस’, ‘गुरुजींना पूस’. पूस म्हणजे विचार. पट्टी फडक्याबद्दल नव्हतीच.

“रंगा म्हणून ड्रायव्हर होता आमचा,” आत्या भराभर बोलू लागली. “मी नऊ वर्षांची होत्यें. तो पुलावर गाडीखालीं होता, आणि अप्पांनीं, तुझ्या आजोबांनीं, न पुसतां ब्रेक सोडला. तेव्हांपासून अप्पा रंगाला पुसूनच गाडी काढीत. खालून एकदां वाजलें तर थांब. दोनदां वाजलें तर सोड. तूंही पूस हो. आधीं पूस.”

“पण आत्या, रंगा तर…”

“सोड!” खालून शशांक ओरडला.

तिचा हात हँडब्रेकवर गेला. लोखंड इतक्या उन्हातही गार लागलं. आपण हे काय करतोय, असं तिला वाटलं, लाजही वाटली. तरी तिनं ओठांतल्या ओठांत विचारलं,

“रंगा… सोडूं कां?”

टक.

एकदाच. तिच्या पायांच्या तळव्यांच्या अगदी खाली. कुणीतरी बोटाच्या पेरानं पत्र्यावर मारावं तसं.

“सोड गं! झोपलीस का?”

“नाही सोडणार.”

“अगं, सोड म्हणतोय ना!”

“एकदाच वाजलंय!” ती किंचाळली. दोन्ही हातांनी तिनं दांडा धरून ठेवला.

पुटपुटत शशांक बाहेर आला. कपाळाला ग्रीस, तोंडावर वैताग. स्वतःच ब्रेक सोडायला तो दाराकडे निघाला आणि मागच्या चाकापाशी थबकला. बराच वेळ तिथेच उकिडवा बसला. चाकामागे वीट नव्हती. तांबड्या मातीचा मूठभर भुगा होता.

“तू… ठोकलंस का खालून?” तिनं विचारलं.

“कुठे?”

“इथे. पुढे. माझ्या पायाखाली.”

“माझे दोन्ही हात मागे केबलवर होते, सौंदर्या.”

गाडी घरी आली ती ट्रॅक्टरच्या मागे दोरानं. ट्रॅक्टरवाल्यानं स्वतःच केबल ओढून ब्रेक मोकळा केला. त्याला पुसण्याबिसण्याचं काय! अख्ख्या गल्लीनं पराक्रम पाहिला. समोरच्या सरोजाबाईंनी तर आपल्या दारातूनच विचारलं, “बैल नाही मिळाले काय हो?”

गाडी शेडमध्ये ढकलून, दोन्ही बाजूंना दगड लावून शशांक हात धुऊन आला. आत्यानं कॉफीचे तीन पेले मांडले. सगळं ऐकून घेतलं.

“एकदां वाजलें. मग दोनदां केव्हां वाजलें?”

“नाही वाजलं,” सौंदर्या म्हणाली. “मी नंतर विचारलंच नाही. ट्रॅक्टर आला, आणि…”

आत्यानं पेला खाली ठेवला.

“रंगानें सोड म्हटलेंच नाहीं?” ती शेडकडे बघत राहिली. “म्हणजे तो अजून खालींच आहे.”

“आत्या,” शशांक हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “गाडी शेडमध्ये आहे. किल्ली माझ्या खिशात. खाली कुणी…”

टक.

शेडच्या दारातून उतरतं ऊन आत पडलं होतं. गाडीचं पुढचं चाक, दगड, गाडीखालची काळी सावली, सगळं नीट दिसत होतं. शशांकला उठून बघायला दहा पावलंही लागली नसती. तो उठला नाही. तिघंही समोर बघत, गप्प, आजोबा बसायचे तशी बसून राहिली. कॉफीवर साय धरली.

दुसऱ्यांदा अजून वाजलं नव्हतं.